‘थकलो आहे’ म्हणण्याचे धाडस

२६ जानेवारी २०२४. शुक्रवारचा दिवस. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आणि त्यात जुम्मा. दुपार कलली तशी आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या मुलांच्या मोबाईलवर एक चित्रफीत फिरू लागली. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे मॅनेजर युर्गन क्लॉप कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होते की, हा हंगाम संपला की आपण जाणार. संघ हरत होता म्हणून नाही, मालकांशी भांडण झाले म्हणून नाही, जास्त पगाराची नोकरी मिळाली म्हणूनही नाही. संघ त्या दिवशी गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर होता. कारण एवढेच होते की अंगातली ताकद संपत चालली आहे आणि हे काम पुन्हा पुन्हा, त्याच जोमाने आपल्याकडून होणार नाही.

ज्यांच्या घरात मोहम्मद सलाहचे नाव छापलेली लाल जर्सी दोरीवर वाळत असते, त्यांना लिव्हरपूल कोण हे सांगायला नको. ज्यांना फुटबॉलशी देणेघेणे नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे केवळ कवायत करून घेणारा उस्ताद नव्हे. कोण खेळणार, कोण बसणार, कुणाला विकत घ्यायचे, हरल्यावर वार्ताहरांसमोर कोणी उभे राहायचे, हे सगळे त्याच्याच गळ्यात असते. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखे त्याचे असते. घर चालते तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही आणि काही बिनसले की सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळतात.

म्हणूनच असा माणूस अचानक ‘मी निघालो’ म्हणतो तेव्हा चाहत्यांना घरातले छप्पर उडाल्यासारखे वाटते. त्या दिवशी लिव्हरपूलमध्ये तसेच झाले. पोरेबाळे, म्हातारेकोतारे हळहळले. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. बहुतेकांच्या दुःखात राग नव्हता. माणूस दमला आहे, त्याला जाऊ द्या, असाच एकूण सूर होता. दोनच दिवसांनी अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर सामना झाला, तेव्हा लोकांनी त्यांच्या नावाची गाणी गाऊन त्यांना डोक्यावर घेतले.

हा समजूतदारपणा त्या शहराला आयता मिळालेला नाही. त्यासाठी ३३ वर्षे मागे जावे लागते.

२२ फेब्रुवारी १९९१, तोही शुक्रवारच. त्या दिवशीही लिव्हरपूल संघ गुणतक्त्यात अव्वल होता. मॅनेजर होते केनी डाल्ग्लिश. १९७७ साली खेळाडू म्हणून आले आणि लोकांचे लाडके झाले. १९८५ मध्ये मॅनेजर झाले तेव्हा वय अवघे ३४; खेळतही होते आणि संघही सांभाळत होते. १९८६, १९८८ आणि १९९० अशी तीन लीग विजेतेपदे त्यांनी जिंकून दिली. असा माणूस त्या शुक्रवारी वार्ताहरांसमोर आला आणि राजीनामा दिल्याचे सांगून मोकळा झाला. सामन्याच्या दिवशी डोके फुटेल की काय असे वाटते, असे काहीसे ते बोलले. चाहत्यांना ते पटेना. पहिल्या क्रमांकावरचा संघ सोडून कोणी जाते का? खरे कारण दुसरेच काहीतरी असणार! तर्ककुतर्कांना ऊत आला.

दोनच दिवस आधी, बुधवारी रात्री, शेजारच्या एव्हर्टन संघाशी एफ. ए. कपचा सामना झाला होता. लिव्हरपूलने चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा गमावली. सामना ४-४ असा सुटला. डाल्ग्लिश यांनी पुढे सांगितले की, कोणता खेळाडू मागे आणला तर बचाव सावरेल हे त्यांना बाजूला उभे असताना स्पष्ट कळत होते, पण तो निर्णय त्यांच्या तोंडून बाहेरच पडला नाही. कळते आहे, पण वळत नाही! ज्याचे कामच निर्णय घेण्याचे, त्याला निर्णय घेता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी क्लबच्या वरिष्ठांना आपण थांबत असल्याचे सांगितले.

पण एका सामन्याने माणूस असा मोडत नाही. त्यांच्या मनावरचे ओझे जुने होते.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड शहरातले हिल्सबरो मैदान. लिव्हरपूलचा उपांत्य सामना. तारेच्या उंच कुंपणांनी बंद केलेल्या कप्प्यांमध्ये आधीच खच्चून गर्दी असताना पोलिसांनी आणखी लोक आत सोडले. पुढची माणसे कुंपणावर चिरडली गेली. सामना सहाव्या मिनिटाला थांबला. बळींची संख्या आज ९७ धरली जाते. त्यांतले कित्येक विशीच्या आतले होते. डाल्ग्लिश यांचा स्वतःचा लहान मुलगाही त्या दिवशी मैदानात होता, सुदैवाने तो वाचला. वर जखमेवर मीठ असे की, दोष मेलेल्यांवरच टाकला गेला. चाहते दारू पिऊन आले, त्यांनीच दांडगाई केली, असे पोलिसांनी सांगितले आणि एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्राने ते पहिल्या पानावर छापले. ते खोटे होते. आईबापांनी २७ वर्षे झगडून ते खोटे ठरवले. २०१६ साली ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदेशीर हलगर्जीतून घडले आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. खोटा आळ किती वर्षे पुरतो आणि तो पुसायला किती सब्र लागतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या दिवसांत डाल्ग्लिश काय करत होते? मैदानाची दारे लोकांसाठी उघडली गेली. गवतावर फुलांचा खच पडला. ते आणि त्यांच्या पत्नी मरिना दिवसदिवस तिथे बसून शोकाकुल कुटुंबांना भेटत होते. इस्पितळात बेशुद्ध पडलेल्या मुलांच्या उशाशी ते जाऊन आले. एकामागून एक अंत्यविधींना गेले. एका दिवशी तर चार. शहराचा सगळा शोक त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. दोन वर्षे ते जिंकत राहिले, हसत राहिले. आतून पोखरत गेले. अंगावर लाल चट्टे उठत होते, घरात मुलांवर चिडचिड होत होती. पण ‘मला जमत नाही’ हे शब्द काही निघाले नाहीत. निघाले तेव्हा एकदम राजीनामाच बाहेर आला.

पुढे काय झाले? दुसऱ्याच दिवशी संघ लुटन टाउनकडून १-३ असा हरला. विजेतेपद आर्सेनलने नेले. त्यानंतर लिव्हरपूलला लीग जिंकायला २०२० साल उजाडले. तब्बल ३० वर्षे. डाल्ग्लिश यांनी नंतर सांगितले की, त्यांना हवी होती ती विश्रांती. काही महिन्यांनी क्लबने पुन्हा बोलावले असते तर ते परत आले असते. पण त्यांनी ते तेव्हा सांगितले नाही आणि क्लबने विचारले नाही. एका न झालेल्या संभाषणाची किंमत दोघांनी मोजली.

चाहत्यांचे मन मात्र मोठे निघाले. १९९१ मध्येच डाल्ग्लिश ब्लॅकबर्न रोव्हर्स या दुसऱ्या क्लबकडे गेले. १९९५ च्या मे महिन्यात हंगामाचा शेवटचा सामना होता लिव्हरपूल विरुद्ध ब्लॅकबर्न, आणि तोही अ‍ॅनफिल्डवर. लिव्हरपूलने तो २-१ असा जिंकला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडची बरोबरी झाली आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला मिळाले. जो माणूस आपल्याला मधेच सोडून गेला, तो आपल्याच अंगणात परक्या संघासाठी करंडक उचलत होता. आणि यजमान प्रेक्षक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते! तोवर बहुतेकांना उमगले होते की १९९१ मध्ये तो पळाला नव्हता, मोडला होता. २०११ मध्ये ते काही काळ पुन्हा मॅनेजर झाले. आज अ‍ॅनफिल्डच्या एका प्रेक्षागृहाला त्यांचे नाव आहे.

आता क्लॉप यांच्याकडे परत येऊ. त्यांनी वेगळे काय केले? थकवा त्यांनाही आला. पण मोडून पडण्याआधी त्यांनी तो ओळखला. नोव्हेंबरमध्येच वरिष्ठांना कळवले, जानेवारीत चाहत्यांना सांगितले आणि मे महिन्यापर्यंत काम पूर्ण केले. क्लबला नवा माणूस शोधायला अवधी मिळाला. १९ मे २०२४ रोजी शेवटच्या सामन्यानंतर निरोपाच्या वेळी त्यांनी आपल्या जागी येणाऱ्या आर्ने स्लॉट यांच्या नावाचे गाणे स्वतः सुरू केले आणि हजारो लोकांकडून म्हणवून घेतले. जाणाराच येणाऱ्यासाठी दार उघडून उभा होता. पुढच्याच हंगामात, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच संघाने स्लॉट यांच्या हाताखाली लीग जिंकली. जाणाऱ्याने घर उभे ठेवले होते.

क्लॉप यांच्याच काळात या शहराने आणखी एक गोष्ट पाहिली. गोल केल्यावर सजदा करणारा सलाह २०१७ मध्ये तिथे आला. चाहते त्याच्यावर गाणी रचू लागले. मशिदीत जाण्याची गोष्ट त्यात प्रेमाने, थट्टेने येऊ लागली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले तेव्हा त्या परिसरातले द्वेषाचे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. चांगला माणूस आपल्या वागण्याने किती मने वळवतो, याचा हा पुरावाच.

याच शहराच्या इतिहासात आपल्यासाठी एक इशाराही आहे. अब्दुल्लाह क्विलियम नावाच्या इंग्रज वकिलाने इस्लाम स्वीकारला आणि लिव्हरपूलमध्ये १८८९ साली मशीद सुरू केली. इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींपैकी ही एक. तिथे अनाथ मुलांची सोय होती, शाळा होती, नियतकालिके निघत होती, नवमुस्लिमांची जमात उभी राहिली होती. १९०८ साली क्विलियम अचानक शहर सोडून गेले. इमारत हातची गेली, जमात विखुरली. त्या वास्तूत पुन्हा नमाजची सफ उभी राहायला एकविसावे शतक उजाडले. माणूस मोठाच होता, पण सगळा डोलारा एकाच खांबावर होता. खांब निघाला आणि छप्पर खाली आले.

वाचकहो, आपल्या मशिदींच्या कमिट्या, मदरसे, शाळा, पतपेढ्या पाहा. किती ठिकाणी एकच माणूस पंचवीस-तीस वर्षे सगळे ओढतो आहे? त्याच्यानंतर कोण, हे विचारणेही अपशकुनासारखे वाटते. जबाबदारी ही अमानत आहे. अमानत नीट सांभाळणे जितके गरजेचे, तितकेच ती वेळेवर योग्य हाती सोपवणेही. खुर्चीला चिकटून राहणे चूक, तसे कोणाला न सांगता एके दिवशी किल्ल्या टाकून निघून जाणेही चूक. मधला रस्ता मशवऱ्याचा आहे.

आणि घरात? गाळ्यावर बारा तास उभे राहणारे अब्बा, दोन शिफ्ट करणारा थोरला भाऊ, सौदीत दहा वर्षे एकट्याने काढणारा जावई, पहाटे सहरीपासून रात्री भांडी आवरेपर्यंत पाय न टेकणारी अम्मी. ‘थकलो’ म्हणणे म्हणजे नाशुक्री, कमकुवतपणा, असे आपण मानून चालतो. पण हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा प्रसंग आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्व जोडून दिले होते. सलमान भेटीला गेले तेव्हा पाहिले, तर अबू दरदा दिवसभर रोजा आणि रात्रभर इबादत यात इतके बुडाले होते की घराकडे आणि स्वतःकडे त्यांचे लक्षच नव्हते. सलमान यांनी त्यांना आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपायला लावले आणि शेवटच्या प्रहरी उठवून दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग समजावले की रबचा हक्क आहे तसा स्वतःच्या जीवाचा आणि घरच्यांचाही हक्क आहे, ज्याचा हक्क त्याला द्या. प्रेषितांच्या (स.) कानावर हे गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचे बोलणे खरे ठरवले.

या प्रसंगात अबू दरदा यांनी तक्रार केली नव्हती. त्यांच्या भावाने पाहिले आणि विचारले. डाल्ग्लिश यांना असा सलमान भेटला नाही. हजारो लोक त्यांच्या नावाचा जयघोष करत होते, पण जेवलात का, झोप लागते का, हे विचारणारा कोणी पुढे आला नाही. म्हणून लोकांना त्यांचा राजीनामा अचानक वाटला. खरे तर त्यात अचानक काहीच नव्हते. दोन वर्षांपासून तो लिहिला जात होता.

पुढच्या वेळी रात्री उशिरा मुले सामना पाहत बसली असतील तर थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. त्यांना या दोन शुक्रवारांची गोष्ट सांगा. आणि मग आतल्या खोलीत जाऊन घरातल्या कर्त्या माणसाला, कर्त्या बाईला, साधेच विचारा की सगळे ठीक आहे ना? पहिल्यांदा उत्तर ‘ठीक आहे’ असेच येईल. थोडे थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.