वजनाचा काटा आणि शरीराचा उतारा : साठीच्या पुढे पोटाचे ऑपरेशन करावे काय?

ऊस विकास विभागाकडून



या पानावर आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया आणि खोडव्याची निगा वाचता. या खेपेस विषय निराळा आहे. गेली दोन वर्षे गट कार्यालयात आणि बांधावर उसाचे बोलणे संपले की सभासद हळूच विचारतात, "साहेब, ते वजन उतरवायचं ऑपरेशन म्हणतात, ते आमच्या वयाला चालतंय का?" आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. तथापि विचारणा वाढू लागली तेव्हा आम्ही जाणत्या डॉक्टरांकडून माहिती घेतली आणि आपल्याच कार्यक्षेत्रातील ऑपरेशन झालेल्या सभासदांच्या घरी जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

वजन वाढले का, हे सांगायला तज्ज्ञ नको. बैल गेले, ट्रॅक्टर आला. रात्रीच्या पाळीला पाटावरून हिंडावे लागे, आता ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवला की काम झाले. बांधापर्यंत मोटरसायकल जाते. भाकरीची चवड मात्र पूर्वीइतकीच राहिली. मग पन्नाशीत मधुमेह, रक्तदाब, गुडघे, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकणे, अशी एकामागून एक दुखणी येतात.

डॉक्टर वजनाचा एक आकडा काढतात, त्यास बीएमआय म्हणतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोन वेळा भागावे. आमच्या एका सभासदांची उंची 1.65 मीटर, वजन 104 किलो. भागाकार आला 38. नाव देत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू. वय 61, मधुमेह नऊ वर्षांचा. 2022 साली या शास्त्रातील दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेची व एक आंतरराष्ट्रीय, नव्या सूचना काढल्या. आकडा 35 च्या वर असेल तर दुसरा आजार असो वा नसो ऑपरेशन सुचवावे, आणि मधुमेह असेल तर 30 पासून, असे त्यांत आहे. आपल्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून 27.5 पासून विचार करता येतो, असेही नमूद आहे.

वयाबद्दल काय? या ऑपरेशनाचा पाया अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 च्या सुमारास घातला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसे पुन्हा जाड होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे कितीतरी वर्षे पुष्कळ ठिकाणी साठी ही हद्द धरीत. 2022 च्या सूचनांत वरची वयोमर्यादा ठेवलेली नाही. जन्मतारीख पाहू नका, अंगात बळ किती उरले आहे ते पाहा, असा त्याचा अर्थ.

सार्वजनिक जीवनातील दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. साखर धंद्याशी जवळचा संबंध असलेले श्री. नितीन गडकरी यांनी 2011 साली वयाच्या 54 व्या वर्षी हे ऑपरेशन करून घेतले व त्याविषयी ते उघडपणे बोलत आले. 2014 च्या सप्टेंबरात तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी 61 व्या वर्षी मधुमेहासाठी ते करून घेतले. त्यांना त्याच महिन्यात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. दोन्ही उदाहरणे एकत्र सांगावीत असे आम्हांस वाटते. लोक बहुधा आपल्या सोयीचे एकच सांगतात.

ऑपरेशनात करतात काय? मोठी चीर पाडीत नाहीत, बारीक भोकांतून दुर्बिणीने काम होते. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. यास स्लीव्ह म्हणतात. जी कड काढली जाते तिथूनच भुकेचा संदेश देणारा रस जास्त तयार होतो, म्हणून भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपास. यात जठराची लहानशी वाटी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. बायपासनंतर मधुमेहाची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांतच खाली येऊ लागते. मात्र मधुमेह जितका जुना, आणि इन्सुलिन जितके जास्त, तितकी औषध पूर्ण सुटण्याची आशा कमी. अण्णांच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटली, एक राहिली. ते म्हणतात, "अर्धं कर्ज फिटलं म्हणायचं."

आता मुख्य मुद्दा. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी उभी केली की टनेज कळते, उतारा कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत रस तपासावा लागतो. शरीराचेही तसेच आहे. काटा 104 वरून 80 वर आला, एवढ्याने आनंद मानू नये. गेलेल्या 24 किलोंत चरबी किती आणि स्नायू किती? तिशीतला माणूस गेलेला स्नायू पुन्हा कमावतो. साठीत तो वयामुळे आधीच झिजत असतो, त्यात ऑपरेशननंतर खाणे एकदम पाव हिश्श्यावर येते. चरबीबरोबर मांडीचे, दंडाचे मांसही गेले, तर माणूस बारीक होतो पण सरीतून चालताना तोल जातो. हाडेही विरळ होतात. तेव्हा या वयात ऑपरेशन करावे की नाही, हे पोटापेक्षा मांडीवर जास्त ठरते.

याची एक घरगुती चाचणी आहे. साध्या खुर्चीत बसावे, हात छातीशी घडी करावे आणि आधार न घेता पाच वेळा पूर्ण उठून बसावे. 15 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर स्नायूंचा जोर कमी पडला आहे असे डॉक्टर धरतात. अण्णांना पहिल्यांदा 21 सेकंद लागले. त्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिलीच नाही, तीन महिन्यांची तयारी दिली. रोज चालणे, खुर्चीवरून उठबस, दोन हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम. तंबाखू पूर्ण बंद. (मिश्री लावणाऱ्या भगिनींनी हेही लक्षात घ्यावे की मिश्री म्हणजे तंबाखूच.) हृदयाची तपासणी, झोपेतील श्वासाची तपासणी, दुर्बिणीने जठराची पाहणी. शेवटचे दोन आठवडे अगदी हलका आहार, म्हणजे यकृतावरची सूज उतरते व डॉक्टरांना आत हात चालवायला जागा मिळते. आपणही लागणीआधी रान तयार करतोच की.

घरात मात्र वाद झाला. धाकटा मुलगा म्हणाला, गुडघे दुखतात तर गुडघ्याचे करा. अण्णांचे म्हणणे, "मसणात गोवऱ्या गेल्या आन् आता पोट कापून घेतोय, लोक काय म्हणतील?" त्यावर काकूंनी सुनावले, "लोक येणार आहेत का रात्री तुमचा श्वास अडकल्यावर हलवायला? मीच उठते ना?" वाद तेथे मिटला. आमच्या मते हा निर्णय खरा काकूंचाच. कारण पुढे वर्षभर निराळे ताट त्यांनाच करावे लागले.

सर्वांनाच होकार मिळतो असे नाही. दुसऱ्या गटातील 68 वर्षांच्या सभासदांचा आकडा अण्णांपेक्षा मोठा होता, पण हृदय कमजोर आणि चाल मंद. डॉक्टरांनी स्पष्ट नको सांगितले. ते नाराज झाले. आम्हांस तो डॉक्टर आवडला. धोका लहान नाही. जोडलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे सर्व घडू शकते. चांगल्या केंद्रांत मृत्यूचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास सांगतात, पण वय वाढेल तसे ते चढते. त्यामुळे पहिल्याच भेटीत पैसे भरून तारीख घ्या म्हणणाऱ्यापेक्षा चार तपासण्या लावणारा डॉक्टर बरा.

तिसरी हकिकत एका सभासद भगिनीची, वय 58. बायपास झाला, वजन छान उतरले. वर्षभराने बरे वाटते म्हणून त्यांनी गोळ्या थांबवल्या. पायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला, आणि एके दिवशी गोठ्यात पडून मनगट मोडले. तपासले तर बी-12 जीवनसत्त्व तळाला गेलेले. बदललेल्या पोटातून बी-12, लोह, कॅल्शियम, डी हे पुरेसे शोषले जात नाही. या गोळ्या वा इंजेक्शने जन्मभराची आहेत. खोडव्याला खत न देता टनेज मागू नये, हे आपणांस निराळे सांगायला नको. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी रक्त तपासावे. हाडांची घनताही पाहून घ्यावी.

खाण्याचे जरा सविस्तर सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो. पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे, पण चार-सहा घासच. त्या घासांत आधी प्रथिने. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतात. आपल्या सवयीने आधी भाकरी मोडली की पोट भरले आणि प्रथिन राहिले. एका अंड्यात 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत 25 च्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत 50. माळकऱ्यांना पनीर, दही, डाळीचे घट्ट वरण, पिठले आहेच. रस्सा ओरपणे सोडावे, फोडी खाव्यात. जेवताना पाणी नको, अर्धा तास मागे-पुढे घोट घोट घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात.

गोडाविषयी लिहिताना आमची पंचाईत आहे. चेअरमनसाहेब विचारतील, कारखान्याच्या अंकात साखरेविरुद्ध प्रचार काय? पण बायपास झालेल्या माणसाने उसाचा रस, काकवी किंवा गुळाचा चहा घटाघटा प्यायला तर साखर एकदम आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. गुऱ्हाळावर पाहुणचाराचा आग्रह करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. दारूही बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते.

गोळ्यांचेही तसेच. वजन उतरू लागले की मधुमेहाची व रक्तदाबाची जुनी मात्रा जास्त होते. साखर एकदम खाली जाऊन माणूस मोटारीच्या खोलीत एकटा पडला तर कळणारही नाही. मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर घेऊ नयेत, जोडावर अल्सर होतो.

अलीकडे आठवड्याच्या इंजेक्शनांविषयी विचारतात. मौंजारो 2025 च्या मार्चमध्ये व वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आले. वजन उतरते हे खरे. थांबवले की पुष्कळ अंशी परत येते आणि स्नायू त्यांतही झिजतो, म्हणून प्रथिने व व्यायाम तिथेही चुकत नाही. नको म्हटलेल्या त्या सभासदांना त्यांच्या डॉक्टरांनी हाच मार्ग दिला आहे.

खर्च लाखांत जातो. आरोग्य विमा असणाऱ्यांनी पॉलिसी काढून वाचावी. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरवलेल्या मजकुरानुसार लठ्ठपणाचे ऑपरेशन वगळलेले असते, पण आकडा 40 किंवा जास्त असेल, अथवा 35 च्या वर असून हृदयविकार, झोपेतील श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा औषधाला दाद न देणारा मधुमेह असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेले ऑपरेशन त्या वगळण्यात येत नाही. आधी आहार-औषधाने प्रयत्न करून ते फसल्याचा पुरावा लागतो. तेव्हा जुने कागद फेकू नयेत. आमच्या सभासदांपैकी निम्म्यांची फाईल कणगीमागे असते.

तारीख धरताना हंगाम पाहावा. महिना-दीड महिना जड उचलता येत नाही, त्यामुळे तोड आलेली असताना किंवा लागणीच्या घाईत ऑपरेशन नको. अण्णांनी गळीत संपल्यावर एप्रिलमध्ये करून घेतले. चौदा महिन्यांत 104 चे 81 किलो झाले. गुडघा अजून कुरकुरतो. श्वास अडकणे थांबले असून काकू रात्री सलग झोपतात. खुर्चीची चाचणी आता 13 सेकंदांत होते.

ही चाचणी ज्यांना करून पाहायची असेल त्यांनी पेमेंटच्या दिवशी गट कार्यालयात यावे. खुर्ची आहे, घड्याळ आम्ही धरू. जोडीला घरच्या माणसास आणावे.