गुडघ्यावरचा बर्फ

गेल्या वैशाखात माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. रायपूरचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याविषयी काही सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि तात्यापाऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या. अशा दिवसांत गुडघ्याभोवती गार पाणी खेळविणारे यंत्र भाड्याने मिळते असे कळले, तेव्हा आम्हांला ते वरदानच वाटले.

यंत्र तसे साधे. एका डब्यात बर्फ आणि पाणी. विजेवर चालणारा लहानसा पंप ते पाणी नळीवाटे गुडघ्याभोवती गुंडाळलेल्या पट्ट्यात नेतो व परत आणतो. काही यंत्रांत हाच पट्टा ठराविक वेळाने हवेने फुगून गुडघा हलकेच आवळतो व सैल सोडतो. गारव्याने कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे त्यांतून ऊतींत झिरपणारा द्रव कमी होतो. वेदनेचा निरोप वाहणाऱ्या मज्जातंतूंचा वेगही मंदावतो. दाबाचे काम निराळे आहे. साचलेला द्रव तो पुन्हा अभिसरणाच्या मार्गाला लावतो, आणि पट्टा अंगाशी घट्ट बसल्याने गारवाही अधिक पोहोचतो.

वेदना कमी होते ती मज्जातंतू मंदावल्यामुळे, हे मी वाचले होते. परंतु इजेची सूचनाही त्याच तंतूंवरून येते, हा त्याचा दुसरा अर्थ मला वेळेवर सुचला नाही.

तिसऱ्या रात्री मी पट्टा बांधून दिला आणि विचारले, "आई, फार गार लागतंय का?" "नाही रे, छान वाटतंय," ती म्हणाली. वीस मिनिटांनी काढावयाचा पट्टा, माझा डोळा लागल्यामुळे, दोन तासांनी निघाला. गुडघ्याखाली तळहाताएवढी जागा पांढरी पडली होती; सकाळी तेथे फोड होता. आईला कित्येक वर्षांचा मधुमेह, पावलांची जाणीव आधीच बोथट झालेली. 'छान वाटतंय' याचा अर्थ 'काहीच वाटत नाही' असाही होऊ शकतो. फोड भरून येईपर्यंत गुडघा वाकविण्याचा व्यायाम मागे पडला, आणि नव्या सांध्याच्या बाबतीत ते दिवस फार मोलाचे असतात.

म्हणून रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये, कातडी पाहावी. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये कोरड्या कापडाची घडी हवी. दर काही मिनिटांनी पट्टा उचलून रंग पाहावा. बोटे पांढरी वा निळसर दिसली, मुंग्या आल्या, तर लगेच थांबावे. भुलीचा परिणाम पाय बधिर ठेवून असेल तोवर, किंवा मधुमेहाने संवेदना गेलेली असेल, पायांचा रक्तपुरवठा कमी असेल, थंडीने अंगावर गांधी उठत असतील, तर शल्यचिकित्सकास विचारल्यावाचून यंत्राला हात लावू नये. झोपताना तर कधीच नाही. पट्ट्यावर दव धरते, त्याने जखमेवरची पट्टी ओली होऊ देऊ नये. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर ते बर्फाचे काम नव्हे. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

उन्हाळ्यात बर्फ लवकर वितळतो, म्हणून त्यात मीठ घालण्याची युक्ती एका शेजाऱ्यांनी आम्हांला सुचविली. आईस्क्रीमच्या पॉटात आपण तेच करतो. परंतु मिठाचे पाणी शून्य अंशांच्याही खाली उतरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स आर्नट या वैद्याने बर्फ व मीठ यांचे मिश्रण मुद्दाम अवयव बधिर करण्यासाठी वापरले होते, ते याच गुणामुळे. त्याचा वापर थोडा वेळ आणि वैद्याच्या नजरेखाली होई. घरी तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

एवढे सांभाळून लाभ किती, असे आपणांपैकी कोणी विचारील. गुडघाबदलानंतरच्या शीतोपचारावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रक्तस्राव व सुरुवातीच्या वेदना यांत थोडाफार फरक आढळला, पण तो फार मोठा नव्हता. तेव्हा यंत्राचे भाडे ज्यांना झेपत नाही त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. बर्फाच्या तुकड्यांची पिशवी पातळ टॉवेलात गुंडाळून ठेवली तरी गारवा मिळतोच.

आमचे यंत्र आम्ही लवकरच परत केले. पुढे जखम भरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा, व्यायामानंतर आई तशीच पिशवी गुडघ्यावर घेऊ लागली. घड्याळ मात्र ती आता माझ्या हाती देत नाही, स्वतःच्या उशाशी ठेवते.