कराचीचे विमान आणि तोट्याची खातेवही

२०१७ च्या मे महिन्यात पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स या कंपनीने आपली कराची-मुंबई विमानसेवा स्थगित केली. कारण सांगितले गेले ते निव्वळ व्यापारी होते : पुरेसे प्रवासी मिळत नाहीत, सबब ही सेवा परवडत नाही. युद्ध, अपहरण आणि घुसखोरी यांच्या बातम्यांपुढे असल्या बातमीला फारसे महत्त्व मिळत नाही, आणि ते साहजिकही आहे. परंतु ती सेवा अद्यापि परत आलेली नाही, आणि कधी येईल हे सांगण्याची जबाबदारीही कोणावर नाही. शेजारच्या देशातील बाजारपेठेतून एखादी विमानकंपनी अंग काढून घेते, तेव्हा तो केवळ त्या कंपनीच्या जमाखर्चाचा प्रश्न असतो काय, असा विचार म्हणूनच करावयास हवा.

हा विचार आज करण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या लिलावात या कंपनीचा ७५ टक्के हिस्सा आरिफ हबीब समूहाच्या नेतृत्वाखालील गटाने १३५ अब्ज पाकिस्तानी रुपयांची बोली लावून जिंकला. इकडे एअर इंडियाही जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून टाटा समूहाकडे गेली. एकेकाळी दोन्ही राष्ट्रांची निशाणे मिरविणाऱ्या या कंपन्या आता खाजगी मालकांच्या झाल्या. खाजगी मालक प्रत्येक मार्गाकडे नफ्यातोट्याच्या दृष्टीने पाहणार, यात त्यांचा दोष नाही. प्रश्न असा आहे, की ज्या मार्गाचे मोल खातेवहीत मावत नाही, त्याचा वाली कोण?

एका इलाख्याची दोन बंदरे

मुंबई आणि कराची यांचे नाते फाळणीच्या कितीतरी आधीचे आहे. १९३६ साली सिंधचा स्वतंत्र प्रांत झाला, तोपर्यंत ही दोन्ही बंदरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंधमधील शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव घेतले जाते. १८५५ साली स्थापन झालेली कराचीतील सरकारी शाळा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मेमन, बोहरी, खोजे, पारशी आणि कोकणी मुसलमान यांची घराणी दोन्ही शहरांत विभागलेली आहेत. मराठी बोलणारी आणि गणपती बसविणारी थोडी हिंदू कुटुंबेही कराचीत टिकून आहेत.

भारतीय विमानवाहतुकीचा प्रारंभ तर याच मार्गावर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू येथे उतरले. एअर इंडियाचा वंशवृक्ष ज्या रोपातून वाढला, ते रोप कराची-मुंबई मार्गावर लावलेले होते.

अंतराचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. मुंबईहून दिल्ली हवाई मार्गाने अकराशे किलोमीटरांहून दूर आहे. कराची नऊशे किलोमीटरांच्या आत आहे. सुमारे दीड तासाचा हा प्रवास आज करावयाचा झाल्यास आधी दुबईसारख्या ठिकाणी जावे लागते, तेथे विमान बदलावे लागते, आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटर तुडवावे लागतात. यात काळाचा एक विनोदही आहे. दुबईची एमिरेट्स ही कंपनी ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली ती पाकिस्तानी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानांनिशी. तिचे पहिले उड्डाण कराचीला झाले, आणि मुंबई व दिल्ली ही तिची आरंभीचीच ठिकाणे होती. शेजाऱ्यांनी आपापसांतला व्यवहार बंद केला म्हणजे मधल्या दलालाची पेढी भरभराटीस येते, हा सनातन न्याय येथेही खरा ठरला.

ज्यांना विमान कधीच परवडणारे नव्हते, त्यांच्या वाट्यालाही हाच वळसा येतो. पालघर किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार अदृश्य सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून कराचीच्या मलीर तुरुंगात पडतो. सुटका झाल्यावर त्याला लाहोरकडे नेतात, वाघा सीमेवर सोपवितात, आणि तेथून अमृतसरमार्गे तो घरी पोहोचतो. समुद्राने शेजारी असलेला माणूस संपूर्ण पंजाब पालथा घालून घर गाठतो.

प्रवासी का मिळेनात?

आता 'प्रवासी मिळत नाहीत' या कारणाकडे वळू. हे कारण खोटे नव्हते. पण ते अपुरे होते. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ साली बंद झाली. त्यानंतर कराचीच्या माणसाला व्हिसासाठी दूरच्या इस्लामाबादकडे तोंड करावे लागले, मुंबईकराला दिल्लीकडे. व्हिसा मिळालाच, तरी तो देशाचा नसून ठराविक गावांचा असे. कोणत्या नाक्यावरून यावयाचे, कोठून परतावयाचे हेही सामान्यतः ठरवून दिलेले असे, आणि अनेकांना पोलीस ठाण्यावर हजेरी देणे भाग पडे. सप्टेंबर २०१२ च्या करारात यांतील काही जाच कमी करण्याचे ठरले होते, परंतु पुढील तणावात त्या सवलतींचा फारसा विस्तार झाला नाही.

अशा स्थितीत विमाने भरावीत कशी? विमानकंपनीचा खर्च आसने भरली म्हणून वाढत नाही आणि रिकामी राहिली म्हणून फारसा घटत नाही. इंधन, विमानतळाची भाडी, कर्मचाऱ्यांचे वेतन हे सारे उड्डाण झाले की द्यावेच लागते. पल्ला लहान असला की उतरण्या-चढण्याचा खर्च अधिकच जाणवतो. त्यामुळे व्हिसाच्या खिडकीवर प्रवासी अडला की त्याचा फटका थेट विमानाच्या जमाखर्चाला बसतो. दुकानाच्या दारात पहारेकरी बसवावयाचा, आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानाला कुलूप ठोकावयाचे, असा हा प्रकार झाला. सरकारांनी घेतलेल्या निर्णयाचा तोटा कंपनीच्या वहीत लिहिला गेला, आणि त्याला बाजारपेठेचा निकाल असे नाव मिळाले.

बंदी आणि माघार

येथे बंदी आणि माघार यांतील फरक लक्षात घ्यावयास हवा. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि पुढे तेथे जाळण्यात आले. भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी केली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानमधील विमानांना श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागला. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. तेथे १९७२ साली अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर निकाल लागला. पण अखेर १९७६ साली उभय देशांनी आपसांत बोलूनच वाहतूक पूर्ववत केली. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ च्या आरंभी पुन्हा आकाश बंद झाले. ते २००४ च्या आरंभी उघडले आणि विमाने पुन्हा सुरू झाली.

बंदी ही सरकारची कृती असते. ती कोणी घातली हे ठाऊक असते, म्हणून ती कोणी उठवावयाची हेही ठाऊक असते. तिचा खर्चही मोजला जातो. २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्तानने फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आकाश बंद ठेवले, तेव्हा एकट्या एअर इंडियाचा २ जुलैपर्यंतचा तोटा ४९१ कोटी रुपये असल्याचे आपल्या संसदेत सांगण्यात आले. पाकिस्तानच्या मंत्र्यांनी आपल्याकडील तोटा साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपये सांगितला. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही आकाशे पुन्हा बंद झाली आणि त्या बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. तेव्हाही एअर इंडियाने वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलरचा तोटा अंदाजला, आणि पाकिस्तानी संसदेत जून अखेरपर्यंतचा ४.१ अब्ज रुपयांचा तोटा सांगितला गेला.

माघारीचे तसे नाही. ती कोणी घातलेली नसते, म्हणून ती कोणी उठवीतही नाही. १६ जुलै २०१९ रोजी आकाश उघडले, तेव्हा डोक्यावरून जाणारी विमाने तत्काळ सुरू झाली; पण एकमेकांच्या भूमीवर उतरणारी नियमित विमाने सुरू झाली नाहीत. वरून जाणाऱ्या विमानांकडून परकीय चलनात शुल्क मिळते, आणि त्यांच्यामागे मोठ्या कंपन्यांचे हितसंबंध उभे असतात. कराचीहून मुंबईला बहिणीच्या भेटीस येणाऱ्या वृद्धामागे कोणीच उभे नसते. त्याचा तोटा कोणत्याही संसदेच्या पटलावर ठेवला जात नाही. भारतीय कंपन्यांनी तर पाकिस्तानकडील आपली उड्डाणे त्याआधीच थांबविली होती. म्हणजे माघारीचा दोष एकाच बाजूला देऊन मोकळे होता येत नाही.

याउलट फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली-लाहोर बसचे पाहा. ती कारगिलच्या काळातही धावत होती. संसदेवरील हल्ल्यानंतर ती बंद पडली, पण २००३ साली, विमानांच्याही आधी, ती पुन्हा सुरू झाली. ती नफ्यासाठी सुरू केलेली नव्हती. म्हणून तोट्याच्या कारणाने बंद होण्याचा प्रसंग तिच्यावर आला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती थांबली, तीही राजकीय निर्णयानेच.

सुरक्षिततेचा आक्षेप

असे म्हटले जाईल, की ज्या शहराने २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र पाहिली, त्या मुंबईकरांना कराचीच्या विमानाची महती सांगू नये. हा आक्षेप भावनेचा म्हणून उडवून लावता येणार नाही. प्रत्येक राष्ट्राला आपल्या आकाशावर पूर्ण अधिकार आहे. १९४४ च्या शिकागो कराराचे पहिले कलमच ते मान्य करते. संकटाच्या काळी आकाश मिटणे हा सरकारचा हक्क आहे, आणि निरपराधांच्या हत्येनंतर तो बजावला गेला तर त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही.

परंतु ते दहाजण कराचीहून आले ते समुद्रमार्गे, चोरून, मच्छीमार नौका बळकावून. पारपत्र दाखवून आणि व्हिसाच्या रांगेत तिष्ठून विमानाने येणाऱ्या माणसाचे नाव, गाव आणि छायाचित्र दोन्ही सरकारांच्या दप्तरी असते. उघडी वाट बंद केल्याने चोरवाट आपोआप बंद होत नाही. तिच्यासाठी पहाराच हवा.

एस. टी.चा धडा

मग करावे काय? आज लगेच विमाने सुरू करा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण सलोख्याचा दिवस केव्हातरी येतो; १९७६ साली आला, २००४ साली आला. तो येईल तेव्हा केवळ बंदी उठवून भागणार नाही. आठवड्यातून निदान एक-दोन उड्डाणे चालविण्याचे बंधन उभय सरकारांनी विमानकरारातच घालावे, आणि त्यांतील तोटा समप्रमाणात सोसावा. विमानासोबत कराचीत आणि मुंबईत व्हिसाची खिडकीही उघडावी. तिच्यावाचून विमान पुन्हा रिकामेच धावेल.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्या महिन्यात कराचीच्या विमानाने माघार घेतली, त्याच्या काही दिवसच आधी, २७ एप्रिल २०१७ रोजी, 'उडान' योजनेखालील पहिली विमाने सुटली. नांदेडला हैदराबादशी जोडणारे विमान त्यांतलेच. या योजनेत तुटीची काही भरपाई सार्वजनिक निधीतून होते, कारण दूरच्या गावाला जोडणे हे लोककार्य आहे असे आपण मानले. महाराष्ट्रातील कोणत्याही शिक्षकाला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. डोंगरातल्या वाडीवर मुक्कामी जाणारी एस. टी. नफ्यासाठी जात नाही. ती गेली नाही तर शाळा, दवाखाना आणि कचेरी यांचा वाडीशी असलेला संबंध तुटतो, म्हणून जाते.

विमानकंपन्यांनी नफा पाहावा. तो त्यांचा धर्म आहे. पण दोन देशांतील सामान्य माणसांच्या भेटीगाठींचा हिशेब त्यांच्यावर सोपवून सरकारांनी नामानिराळे राहू नये. बंदी घालण्याचा अधिकार ज्यांनी स्वतःकडे ठेवला आहे, त्यांनीच संबंध पुन्हा जोडण्याचे कर्तव्यही स्वतःकडे घ्यावयास हवे.