पाचव्या फ्रेटवरचा भूप

शिरपूर आता कॉलेजांचं गाव आहे. इंजिनिअरिंग-फार्मसीसाठी बाहेरगावची मुलं इथे राहतात आणि त्यांतल्या गिटार शिकणाऱ्या कुठल्याही मुलाची सोलोची सुरुवात बहुधा एकाच ठिकाणी होते: पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स, म्हणजे बोटांची एक ठरलेली ठेवण. ए, सी, डी, ई, जी. शिकवताना याला ‘ए मायनर पेंटॅटॉनिक’ म्हणतात. पण पांढरी एकचा सा धरला, तर हेच सूर सा रे ग प ध होतात. म्हणजे आपला भूप! सुधीर फडक्यांनी ‘भाभी की चूडियाँ’ (१९६१) मधलं ‘ज्योति कलश छलके’ याच सुरांवर बांधलं. किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ भूपातलंच. ब्रिजभूषण काब्रांची गिटार असलेल्या १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’तही भूप आहे.

बॉक्स पाठ झाला की बरेच जण तिथेच अडतात. सूर चुकत नाहीत, पण सोलो रंगतही नाही. ही अडचण सोडवणारी गोष्ट आपल्या संगीतात फार जुनी आहे: मूर्च्छना. सूर तेच ठेवायचे आणि षड्ज हलवायचा. भूपाच्या रिषभाला सा मानलं की मधमाद सारंगाचे सूर मिळतात, गंधाराला मानलं की मालकंसाचे, पंचमाला मानलं की दुर्गेचे, धैवताला मानलं की धानीचे.

तानपुरा एकच षड्ज धरून ठेवतो. कॉर्ड मात्र दर काही मात्रांनी जमीन बदलते, त्यामुळे मूर्च्छना आपोआप घडत जाते. सी, ए मायनर, एफ, जी ही नेहमीची साखळी घ्या आणि बॉक्स मुळीच हलवू नका. सी मेजरवर भूप ऐकू येईल, ए मायनरवर धानी, जीवर दुर्गा. एफवर गंमत वेगळीच आहे. तिथे हेच सूर प ध नि रे ग होतात. सा तुमच्या बोटांत नसतो, तो कॉर्ड देते. म्हणून सूर तरंगल्यासारखा वाटतो. साखळीत ई मायनर आली तर मात्र जपून. सूर मालकंसाचे होतात, पण मालकंसात पंचम वर्ज्य आहे आणि कॉर्डमध्ये तो आहे. सी हा तिथला कोमल धैवत. त्याच्यावर थांबलात तर तो पंचमाला घासतो. त्याला स्पर्श करून पुढे जावं.

आता उलट करा. मागे एकटी सी मेजर चालू द्या आणि तोच बॉक्स सरकवा. बाराव्या फ्रेटवर नेलात की ग प ध नि रे मिळतात. सा गेला, शुद्ध निषाद आला, आणि साधी कॉर्ड एकदम भरदार वाटू लागली. सातव्या फ्रेटवर नेलात की नि रे ग, तीव्र मध्यम आणि ध. यमन ऐकलेला कान इथे चमकून उठतो. यमन गाताना सा आणि प वगळून नि रे ग, तीव्र म ध नि अशीच तर चढत जातात! जॅझवाले याला ‘लिडियन’ रंग म्हणतात. बोटांची ठेवण तसूभरही बदललेली नसते.

एक भान हवं. सूर जुळले म्हणजे राग झाला असं नाही. भूप आणि देसकार यांचे सूर सारखेच, पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार; देसकाराचा धैवत. कुठे थांबायचं, यावर राग ठरतो. गिटारलाही हाच नियम लावा. प्रत्येक कॉर्डवर न्यासाचा, म्हणजे थांबण्याचा, एक सूर आधी ठरवा. शक्यतो त्या कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेला तिसरा सूर, कारण मेजर की मायनर हे तोच सांगतो. सीवर ई, ए मायनरवर सी, एफवर ए. जीचा तिसरा सूर बी या बॉक्समध्ये नाही. तिथे डीवर विसावा.

मोबाइलवर ही साखळी संथ लयीत रेकॉर्ड करा आणि आठवडाभर याच न्यासांवर वाजवा. नवे स्केल घोकण्याआधी हे करा. आपल्या भजनांनी, नाट्यपदांनी, रेडिओने कान आधीच तयार केला आहे. गिटार शिकताना त्याला बाजूला ठेवू नका.