रक्तगट जुळला, तरी आणखी एक परीक्षा

घरातील माणसाची मूत्रपिंडे निकामी झाली, भाऊ किंवा नवरा आपले एक मूत्रपिंड द्यायला तयार झाला आणि रक्तगटही जुळला, की काम झाले असे आपल्याला वाटते. पण इस्पितळात पुन्हा दोघांचे रक्त घेतात आणि कधी कधी ‘हे मूत्रपिंड चालणार नाही’ असा निकाल येतो. मग घरात नाना शंका निघतात. म्हणून ही परीक्षा काय असते ते आपण समजून घेऊ या.

रायवळ आंब्याच्या रोपावर मानकुरादचे कलम बांधले तर ते धरते. माणसाच्या देहाचे तसे नाही. आपल्या बहुतेक पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. त्यांना एच. एल. ए. म्हणतात. निम्म्या खुणा आईकडून येतात, निम्म्या बापाकडून. परक्या खुणांशी देहाची गाठ तीन प्रकारे पडते: गरोदरपणात, दुसऱ्याचे रक्त घेतल्याने आणि पूर्वी अवयव बसविला असल्यास. अशा वेळी देह त्या खुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकतो, आणि ती पुढे वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. दात्याच्या खुणांविरुद्ध ती जोरात असली, तर नवे मूत्रपिंड काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होऊ शकते.

ती शोधण्याची सोपी रीत अमेरिकेतील डॉ. पॉल टेरासाकी यांनी १९६४ साली पुढे आणली. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी निवळते, ते सीरम. तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या पाटीतील बारीक खळग्यांत रोग्याच्या सीरमचा सूक्ष्म थेंब टाकतात व त्यात दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी सोडतात. थोड्या वेळाने त्यात सशाचे सीरम घालतात. प्रतिद्रव्ये पेशींना चिकटली असतील, तर सशाच्या सीरममधील द्रव्ये त्या पेशी फोडतात. मग रंग घालून सूक्ष्मदर्शकातून पाहतात. मेलेल्या पेशीत रंग शिरतो, जिवंत पेशीत शिरत नाही. यालाच क्रॉसमॅच म्हणतात.

टेरासाकी व त्यांच्या सहकाऱ्याने १९६९ साली २२५ मूत्रपिंडरोपणांचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच विरुद्ध आलेल्या ३० जणांपैकी २४ जणांचे मूत्रपिंड लगेच निकामी झाले; परीक्षा निर्मळ आलेल्या १९५ जणांपैकी फक्त ८ जणांचे. तेव्हापासून या परीक्षेची गरज सर्वांना पटली.

पुढे १९८३ च्या सुमारास पेशींना चमकणारा रंग लावून यंत्राच्या किरणांनी मोजण्याची रीत आली. तिला फ्लो क्रॉसमॅच म्हणतात. आता प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांवर एकेक खूण बसवून कोणती प्रतिद्रव्ये किती आहेत, हे दाता मिळण्यापूर्वीच पाहता येते. ही रीत फार बारीक असल्याने तिचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा असतो.

आता आमचे चार शब्द. रोगी स्त्री असेल, तर तिची बाळंतपणे, तसेच झालेले गर्भपातही डॉक्टरांना सांगावेत, लाजू नये. पूर्वी रक्त चढविले असल्यास तेही लपवू नये. नंतर पुन्हा रक्त चढविले, तर लगेच कळवावे, कारण नवी प्रतिद्रव्ये निर्माण होऊ शकतात. म्हणूनच पुन्हा पुन्हा रक्त मागतात. त्याचा कंटाळा करू नये.

आणि विरुद्ध निकाल आला तर कोणाला दोष देऊ नये. चार लेकरांच्या आईला नवऱ्याचे मूत्रपिंड चालले नाही, तर त्यात कोणाचेच पाप नाही. लेकरांना पोटात वाढवताना नवऱ्याच्या खुणांची तिच्या देहाला आधीच ओळख झालेली असते. अशा वेळी दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते. आपल्या देशाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने तिला वाट मिळाली आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या आपल्या परिपत्रकात योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाची वाखाणणी केली आहे. ते दान वाया जाऊ नये, यासाठीच ही परीक्षा आहे. ती धीराने होऊ द्यावी.