चीनच्या व्यापाराचे चार शब्द

ज्ञान मिळवायला चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, असं एक वचन आमच्या घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. ते मुळात कोणाचं, यावर आलिम मंडळींत मतभेद आहेत. पण चीन म्हणजे फार लांबचा, अनोळखी मुलूख, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. आज तो लांब राहिलेला नाही. मोबाइलपासून मुलांच्या खेळण्यांपर्यंत तो आपल्या घरात आहे. अनोळखी मात्र पूर्वीइतकाच आहे. चीन स्वस्त माल विकतो आणि बाजार काबीज करतो, एवढं आपल्याला ठाऊक असतं. तिथले राज्यकर्ते आणि अर्थतज्ज्ञ स्वतः या व्यापाराकडे कसे पाहतात, हे आपण क्वचितच विचारतो.

मी अर्थशास्त्राचा पंडित नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे कोणताही समाज समजून घेताना मी त्याच्या शब्दांच्या वाटेनं जातो. परदेशी व्यापाराबद्दल बोलताना चिनी लोकांनी गेल्या सव्वाशे वर्षांत वापरलेले चार शब्दप्रयोग आज आपल्यासमोर ठेवतो.

पहिला शब्द आहे ‘व्यापारयुद्ध’. अमेरिकेनं २०१८ मध्ये चिनी मालावर जादा जकात बसवली, तेव्हापासून हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळला. चीनमध्ये तो फार जुना आहे. झंग ग्वानयिंग नावाचा एक गृहस्थ शांघायमध्ये ब्रिटिश कंपन्यांचा मध्यस्थ म्हणून काम करत होता. परक्यांचा व्यापार त्यानं आतून पाहिला होता. १८९४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यानं सांगितलं की, तोफांची लढाई डोळ्यांना दिसते, म्हणून आपण सावध होतो. व्यापाराची लढाई दिसत नाही आणि देश हळूहळू पोकळ होत जातो. म्हणून लष्करी युद्धापेक्षा व्यापारयुद्ध शिकणं अधिक गरजेचं आहे. तरुण माओनं हे पुस्तक आवडीनं वाचलं होतं.

झंगला असं का वाटलं? त्याचं उत्तर अफूमध्ये आहे. अठराव्या शतकात चीन चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी विकायचा आणि बदल्यात चांदी घ्यायचा. १७९३ मध्ये इंग्रजांचा वकील मॅकार्टनी व्यापार वाढवण्याची विनंती घेऊन गेला. आम्हाला तुमच्या वस्तूंची गरज नाही, अशा अर्थाचं उत्तर सम्राट चिएनलुंग यानं दिलं. मग चांदीऐवजी देण्यासाठी इंग्रजांनी अफू शोधली. ती आपल्याकडून जात होती. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबईहून. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांची संपत्ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली. ज्या जे. जे. रुग्णालयात आजही गोरगरीब उपचार घेतात, त्याच्या पायाशीही ही कमाई आहे. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

१८३९ मध्ये लिन झशू या चिनी अधिकाऱ्यानं वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली आणि युद्ध पेटलं. १८४२ च्या नानकिंगच्या तहानं हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि त्यामागोमाग आलेल्या करारांनी चीनची आयात जकात पाच टक्क्यांच्या आसपास बांधून टाकली. पुढे तर चीनच्या जकात खात्याचा प्रमुखच परदेशी असे. रॉबर्ट हार्ट हा आयर्लंडमधून आलेला माणूस १८६३ पासून जवळपास अर्धशतक त्या पदावर होता. स्वतःची जकात स्वतः ठरवण्याचा हक्क चीनला १९३० च्या आसपासच परत मिळाला. चीनच्या शाळेत मुलं हे सारं ‘मानहानीचं शतक’ म्हणून शिकतात. जकात हा आपल्याला कंटाळवाणा सरकारी शब्द वाटतो. त्यांच्यासाठी तो अब्रूचा शब्द आहे.

दुसरा शब्दप्रयोग आहे ‘स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहणं’. हा माओच्या काळातला. कोरियन युद्धाच्या वेळी, १९५० मध्ये, अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला. चीन सोव्हिएत रशियावर विसंबला. १९६० मध्ये रशियाशी बिनसलं आणि त्यांनी आपले तंत्रज्ञ परत बोलावले. अनेक कारखाने अर्धवट राहिले. दहा वर्षांत दोन महासत्तांनी दोन वेळा हात काढून घेतला. विसंबलं की फसलं, हा धडा त्या पिढीनं गिरवला. तरीही दार पूर्ण बंद नव्हतं. १९५७ पासून ग्वांगचौ शहरात वर्षातून दोनदा निर्यातीची जत्रा भरू लागली. परकीय चलन तर हवंच होतं.

तिसरा शब्दप्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. ‘रुळाला रूळ जोडणं’. आपल्याकडे मीटरगेज आणि ब्रॉडगेज जिथं भेटत, तिथं प्रवाशांना बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे. चीननं ठरवलं की, जगाच्या रुळांना आपले रूळ जोडायचे, म्हणजे डबे न बदलता गाडी पुढे जाईल. १९७८ मध्ये डेंग शियाओपिंग यांनी धोरण बदललं. १९८० मध्ये शेनझेनसह चार विशेष आर्थिक क्षेत्रं सुरू झाली. कच्चा माल आणि नमुना बाहेरचा, हात मात्र चिनी खेड्यांतून आलेल्या मुलामुलींचे. जागतिक व्यापार व्यवस्थेत शिरण्याच्या वाटाघाटी १९८६ मध्ये सुरू झाल्या. १९९९ मध्ये पंतप्रधान झू रोंगजी म्हणाले की, या चर्चेत आमचे काळे केस पांढरे झाले. अखेर ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

पुढचे आकडे पाहा. १९७८ मध्ये चीनचा आयात-निर्यात व्यापार होता सुमारे २१ अब्ज डॉलर. २००१ मध्ये सुमारे ५१० अब्ज. २०२४ मध्ये ६ हजार अब्जांहून जास्त. २००९ मध्ये चीन जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. जस्टिन यिफू लिन हे अर्थतज्ज्ञ या मार्गाचे मोठे पुरस्कर्ते. ते पुढे जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. देशाजवळ जे मुबलक आहे त्याच्या जोरावर सुरुवात करावी आणि एकेक पायरी वर चढावं, असं ते सांगतात. चीनजवळ माणसं होती, म्हणून कपडे आणि खेळण्यांपासून सुरुवात झाली.

मात्र वर चढताना एक गोष्ट ध्यानात आली. ती सांगायला बॉलपेनचं उदाहरण पुरेसं आहे. जगातली बहुतेक बॉलपेनं चीन बनवत होता, पण पेनाच्या टोकासाठी लागणारं चांगलं पोलाद बाहेरून येत होतं. पंतप्रधान ली केचियांग यांनी २०१६ मध्ये ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली. २०१७ मध्ये तायुआनच्या पोलाद कारखान्यानं असं पोलाद तयार केल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. पेनाच्या टोकाचा हा प्रश्न पुढे संगणकाच्या चिपपर्यंत पोचला.

इथून चौथा शब्दप्रयोग येतो, ‘गळा आवळणं’. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेनं झेडटीई या चिनी दूरसंचार कंपनीला अमेरिकी सुटे भाग विकायला बंदी केली आणि काही आठवड्यांत त्या बलाढ्य कंपनीचं काम जवळपास ठप्प झालं. २०१९ मध्ये हुआवेवर निर्बंध आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रं यांवर. चीनच्या विज्ञानविषयक दैनिकानं २०१८ मध्ये एक लेखमालाच चालवली. आपला गळा ज्यांच्यामुळे आवळला जाऊ शकतो, अशी ३५ तंत्रं तिनं मोजून दाखवली. जुनी भीती पुन्हा जागी झाली. रूळ जोडले खरे, पण सांधा बदलणारा खटका दुसऱ्याच्या हातात आहे, असं त्यांना वाटू लागलं.

२०२० मध्ये ‘दोन चक्रांचं’ धोरण आलं. देशांतर्गत बाजाराचं चक्र मुख्य आणि परदेशी व्यापाराचं त्याला पूरक. त्याच वर्षी क्षी जिनपिंग यांचं एक भाषण प्रसिद्ध झालं. जगाच्या उत्पादन साखळ्या चीनवर अधिक अवलंबून राहतील असं करावं, म्हणजे कोणी पुरवठा तोडू पाहिला तर आपल्याला उत्तर देता येईल आणि त्याला धाकही राहील, असा त्याचा आशय होता. आपलं अवलंबन कमी करायचं आणि दुसऱ्याचं वाढवायचं, हे आजच्या चिनी व्यापारनीतीचं सार आहे, असं मला वाटतं.

ते कसं चालतं, हे २०२५ मध्ये दिसलं. एप्रिलमध्ये अमेरिकेची जकात १४५ टक्क्यांवर गेली, चीनची १२५ टक्क्यांवर. त्याच महिन्यात चीननं सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. या धातूंचं शुद्धीकरण जवळपास ९० टक्के चीनमध्येच होतं. अमेरिकेतले आणि युरोपातले मोटार कारखाने अडले. आपल्या पुणे परिसरात विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्यांनाही चुंबक मिळेनात. भांडण दोन हत्तींचं असलं, तरी त्यांच्या पायाखालचं गवत आपल्या अंगणातलंही असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिण कोरियात ट्रम्प आणि क्षी भेटले, तेव्हा तात्पुरता समेट झाला. चीनची चाल उपयोगी पडली होती.

मात्र चीनमध्ये सगळे एका सुरात बोलतात असं समजू नये. व्यापार संघटनेच्या वाटाघाटी करणारे लुंग युंगतू यांनी २०१८ मध्येच सोयाबीनवर जकात लावणं शहाणपणाचं नव्हतं, अशी टीका केली. सोयाबीन तर चीनलाच हवं होतं. यू युंगडिंग या ज्येष्ठ अर्थतज्ज्ञांचा आक्षेप आणखी मुळाशी जातो. आपण घाम गाळून बनवलेला माल देतो आणि बदल्यात अमेरिकेच्या हुंड्या घेतो, हा सौदा कसला, असं ते वर्षानुवर्षं विचारत आले. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली, तेव्हा त्यांच्या प्रश्नाला धार आली.

हा प्रश्न शेवटी चिनी कामगाराचा आहे. २०२५ मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा १ हजार अब्ज डॉलरहून जास्त झाली. एवढा माल बाहेर जातो, याचा एक अर्थ असाही की, तो बनवणाऱ्यांच्या घरात तो पुरेसा विकत घेतला जात नाही. चीनच्या राष्ट्रीय उत्पन्नात घरगुती खर्चाचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. आपल्याकडे तो ६० च्या आसपास आहे. आजारपण, म्हातारपण, मुलांचं शिक्षण यांच्या धास्तीनं माणसं पैसा राखून ठेवतात. शहरात राबणाऱ्या खेडुताला त्या शहराच्या साऱ्या सोयी आजही सहज मिळत नाहीत. त्याचं उत्पन्न वाढवा, बाहेरचा बाजार आपोआप कमी लागेल, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ चीनमध्येच आहेत. पण अमेरिकेशी सामना जितका तापतो, तितका पैसा कारखान्यांकडे आणि तंत्रज्ञानाकडे वळतो आणि त्या कामगाराची पाळी पुढे ढकलली जाते.

या साऱ्यात आपण काय घ्यावं? चीनची भीती खोटी नाही. तिला अफूचा, तहांचा आणि बंदीचा इतिहास आहे. पण ज्याचा गळा एकेकाळी आवळला गेला, त्यानं तीच विद्या शिकून दुसऱ्याच्या गळ्याला हात घालावा, यानं कोणीच निर्धास्त होत नाही. अमेरिकाही होत नाही आणि चीनही. आता प्रत्येक देश आपल्या अडलेल्या वस्तूंची यादी करतो आहे. आपणही करतो आहोत आणि ती करायलाच हवी. फक्त त्या यादीत धातू आणि चिप यांच्याबरोबर एक प्रश्नही लिहून ठेवावा. जो माल आपण जगाला विकू, तो बनवणाऱ्याला स्वतःच्या घरी नेता येईल का?