अक्षरांचें रूप कानांनीं

नागपुरांतील एखादा अंध तरुण नोकरीचा अर्ज संगणकावर लिहितो, तेव्हां पडद्यावरील मजकूर वाचणारा 'स्क्रीन रीडर' त्याला शब्द ऐकवितो. परंतु मथळा ठळक आहे कीं साधा, हें तो सहसा आपण होऊन सांगत नाहीं. डोळस अधिकाऱ्याच्या नजरेंत मात्र प्रथम रूपच भरतें. म्हणून तें विचारून घ्यावें. २००६ सालीं निघालेल्या 'एनव्हीडीए' या विनामूल्य स्क्रीन रीडरमध्यें, कर्सर शब्दावर नेऊन, 'इन्सर्ट' दाबून धरावें व 'एफ' दाबावें. फाँटचें नांव, आकार, ठळकपणा इत्यादि तपशील कानीं पडतो. 'वर्ड'मध्यें मजकूर निवडून 'कंट्रोल' व 'बी' एकत्र दाबल्यास ठळकपणा येतो किंवा जातो. बदल केल्यावर पुन्हां विचारावें. म्हणजे शेवटच्या तपासणीसाठीं दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागत नाहींत.